गच्चीवरचा पिक्चर

ए-१०२: शनिवारी गच्चीवर पिक्चर लावायची परवानगी कोणी दिली होती? साडेअकरापर्यंत आवाज. आणि भुताचा म्हणे, भूत कुठं होतं, दीड तास माणसं नुसती बसून बोलूनच राहिली होती.

बी-३०१: काका, दहानंतर आवाज कमी केला होता जी. तो पिक्चर तसाच आहे, लेक मंगो, ऑस्ट्रेलियाचा, २००८ चा. पोरगी धरणात बुडून जाते अन मग घरच्यांच्या मुलाखती, अगदी डॉक्युमेंटरीसारखा. संवाद लिहूनच दिले नव्हते, नटांनी आपल्या मनानं बोलले. तेव्हा फारसा कोणी पाहिला नाही, पण समीक्षकांनी नावाजला आणि आता लोक शोधून शोधून पाहतात.

सी-२०२: मी मँगो समजून पोरांना घेऊन आली ना बाप्पा

ए-४०४: मग मिळाले का आंबे

बी-३०१: ताई, मंगो नावाचा खरंच तलाव आहे तिकडे, हजारो वर्षांपासून कोरडा.

सी-२०२: आमच्या अंबाझरी तलावाचं पाणी पाठवा तिकडे, २०२३ ला घरात आलं होतं

ए-१०२: २०२३ ला माझा सोफा, फ्रिज सगळं गेलं तेव्हा वरच्या मजल्यावरून कोण कोण खाली आलं होतं मला चांगलं आठवते. विषय भरकटवू नका. परवानगी कोणी दिली?

ए-४०४: समीक्षकांचं काय जाते. फोटोतलं भूत तर भावानंच बनवलेलं निघालं, मग नावाजलं कशाले?

बी-३०१: भाऊ मला तर तिथंच तो पिक्चर आवडला, पोरगा असं काऊन करते ते पाहा ना

बी-२०३ काकू: मी लिहू का थोडं. मला इंग्रजी निम्मं समजलं नाही. पण बाप पोरीची ओळख पटवून परत निघतो आणि गाडी फक्त रिव्हर्समध्येच चालते, घरापर्यंत उलटेच येतात ते, तिथं मी उठून टाकीमागं जाऊन उभी राहिली. आमचा धाकटा गेला तेव्हा मोक्षधामवरून आल्यावर यांनी स्कूटरची किल्ली तीन दिवस मुठीतून सोडली नव्हती, जेवताना डाव्या हातात. त्याचं हेल्मेट अजून खिळ्यालाच आहे, धूळ पुसते मी पण काढत नाही. त्यातली आई रात्री लोकांच्या घरात जाऊन उभी राहते ना, लोक हसले तिथं. मी रात्री दोनला जिन्यात बसते, वॉचमनला माहीत आहे. भूत नाही म्हणता, अजून काय दाखवायचं त्यांनी?

सी-२०२: काकू 🙏 हसणाऱ्यात मी होती, माफ करा

ए-१०२: दहानंतर गच्ची वापरायची नाही हा नियम आहे. परवानगी कोणी दिली?

ए-४०४: अहो काका, आधी काकूंचा मेसेज वाचा ना

ए-१०२: वाचला. दोनदा वाचला. नियम सगळ्यांनाच आहे.

बी-२०३ काकू: मग सातला लावा जी पुन्हा. शेवटी घर सोडताना त्या तिघांचा फोटो आहे, मागं खिडकीत ती उभी असते म्हणे. माझा तो राहून गेला.