शब्दचर्चा: विद्युत विसर्ग, अवक्षेपक आणि धूर ‘स्वच्छ’ करणे

प्रश्न: कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रावर शाळकरी मुलांसाठी टिपण लिहिते आहे. धुरातले प्रदूषक काढणाऱ्या यंत्राला पुस्तकात ‘स्थिरविद्युत अवक्षेपक’ म्हणतात, तिथले कामगार नुसतं ‘ईएसपी’. आणि ‘डिस्चार्ज’ला काय लिहू? विसर्जन, मोचन की विसर्ग?

उत्तर: ताई, विसर्गच घ्या. ‘तोतलाडोह धरणातून विसर्ग वाढवला’ हे पावसाळ्यात पेपरात वाचतोच आपण, त्यामुळे साठलेलं वाहू लागलं हा अर्थ डोक्यात तयार असतो. ‘विसर्जन’ नको. पुढच्याच ओळीत राख येणार, मग मनात भलतंच येतं.
‘डिस्चार्ज’ला कुणी ‘ठिणगी’ सुचवेल, ते मात्र चुकीचं. ईएसपीत तारांना हजारो व्होल्टचा ऋण विद्युतदाब देतात. तारेलगतच्या वायूत संथ, अखंड विसर्ग चालू राहतो. तो कोरोना विसर्ग. राखेचे कण त्यातून भारित होतात आणि बाजूच्या पत्र्यांकडे ओढले जातात. ठिणगी पडली तर विद्युतदाब कोसळतो, पकड ढिली होते. पत्र्यांवर थर साचला की हातोडे ठोकतात, त्याला ‘रॅपिंग’ म्हणतात. थर सुटून खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत पडतो. आपल्या कोळशात 30 ते 45 टक्के राखच असते, म्हणून हे ठोकणं सारखं चालू.
अवक्षेप म्हणजे मुलांना परीक्षानळीतला साका आठवेल. ‘धूळसंग्राहक’ लिहा.

आणखी एक उत्तर: शब्दापेक्षा ‘प्रदूषक काढणाऱ्या’ हे जास्त खटकलं. ईएसपी कण धरते, वायू नाही. सल्फर डायऑक्साइड तिच्यातून सरळ चिमणीत जातो. त्याला चुनखडीचं वेगळं संयंत्र लागतं. 1907 च्या सुमारास कॅलिफोर्नियात रसायनशास्त्रज्ञ कॉट्रेल यांनी हे तंत्र वापरात आणलं, तेव्हाही पकडलं ते सल्फ्युरिक आम्लाचं धुकं, म्हणजे थेंबच. ‘ईएसपी लावलंय, आता धूर स्वच्छ’ असं वाचून चिमणीखालच्या गावांची फसगत होते.
विसर्गाने वायूही मोडता येतो, पण ती रीत निराळी. नॅनोसेकंदांत मोजावे असे विजेचे झटके देतात. इलेक्ट्रॉन तापतात, धूर फारसा तापत नाही. त्यातून तयार झालेले ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिलचे क्रियाशील कण सल्फर व नायट्रोजनच्या ऑक्साइडांना आम्लापर्यंत नेतात. अमोनिया सोडला की अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट बनतात, म्हणजे खतच. ते कण धरायला पुन्हा ईएसपी! विजेचा खर्च मात्र मोठा, म्हणून मोठ्या वीज केंद्रांत ही रीत रुळलेली नाही. तिला ‘प्लाझ्मा प्रक्रिया’ म्हणा (प्लाझ्मा म्हणजे विजेने भारित झालेला वायू), ‘संग्राहक’ नको.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: ‘ईएसपी राख अडवते, सल्फर डायऑक्साइड अडवत नाही.’

पहिले उत्तरदाते: हेच वाक्य सगळ्यात आधी घ्या. हातोडे ठेवा, मुलं तिथंच थांबून वाचतील.