२७ इंची १४४०पी मॉनिटर आणि १६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड: जुन्या बी४५० बोर्डसाठी कोणती जोडी घ्यावी?

नमस्कार. कोल्हापुरातील घरच्या संगणकासाठी मला ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर एकदमच घ्यायचे असून दोन्ही मिळून ७० हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. सध्या रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० कार्ड, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि २२ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे. प्रोसेसर आणि बोर्ड आणखी काही वर्षे बदलायचे नाहीत.

संगणकाचे वापरकर्ते दोघे आहेत. मी संध्याकाळी व्हॅलोरंट आणि सायबरपंक २०७७ सारखे खेळ खेळतो. माझी धाकटी बहीण गुजरीतील सराफांसाठी दागिन्यांचे त्रिमितीय नमुने ब्लेंडरमध्ये तयार करते. साज, ठुशी, नथ असे नमुने गिऱ्हाइकाला घडणावळीआधी दाखवले जातात, त्यामुळे सोन्याचा रंग आणि खड्यांमधील प्रकाश पडद्यावर खरा दिसणे तिच्यासाठी महत्त्वाचे आहे. माझ्या खेळांइतकेच तिच्या कामालाही या खरेदीत स्थान आहे, ही गोष्ट सल्ला देताना कृपया लक्षात घ्यावी.

आधी मॉनिटर ठरवावा आणि मग त्याला झेपेल असे कार्ड निवडावे, असे माझे मत झाले आहे. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर १४४०पी पडद्यावर ३६.९ लाख, म्हणजे कार्डावरचा भार पावणेदोन पटींहून थोडा अधिक. तरीही १४४०पी घ्यावासा वाटतो, कारण २७ इंची पडद्यावर १०८०पी घेतल्यास एका इंचात जेमतेम ८२ पिक्सेल येतात आणि अक्षरे खरखरीत दिसतात. त्याच आकारात १४४०पी घेतल्यास ते प्रमाण १०९ पर्यंत जाते. शिवाय डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी ओळींचे चित्र काढून ते मोठे करणारी, म्हणजे अपस्केलिंगची तंत्रे) वापरताना, क्वालिटी पर्यायावर, १४४०पीचे चित्र साधारण ९६० ओळींवरून उभे केले जाते, तर १०८०पीचे केवळ ७२० ओळींवरून. मूळ माहिती जितकी अधिक, तितका निकाल चांगला, त्यामुळे अपस्केलिंगचा खरा लाभ १४४०पीवरच मिळतो.

पॅनेलच्या बाबतीत (आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार) बहिणीच्या कामामुळे आयपीएस जवळपास निश्चित आहे. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १ असतो आणि आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास, हे खरे आहे. सायबरपंकमधील रात्रीच्या दृश्यांत हा फरक जाणवेल. परंतु व्हीएमध्ये बाजूने पाहिल्यास रंगाची छटा बदलते आणि गडद भागांत हालचालीमागे काळसर ओघळ दिसतो. माझी खरी शंका मात्र वेगळी आहे. आजकालच्या अनेक गेमिंग मॉनिटरमध्ये रंगांचा पल्ला एसआरजीबी या नेहमीच्या प्रमाणित पल्ल्यापेक्षा बराच मोठा असतो आणि तो तसाच ठेवल्यास सोने तांबूस, भडक दिसते. त्यासाठी मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड असतो, पण काही मॉडेलमध्ये तो सुरू केल्यावर ब्राइटनेस बदलता येत नाही. ही अडचण नसलेला, १६५ किंवा १८० हर्ट्झचा, २० हजारांच्या आतील एखादा आयपीएस मॉनिटर कोणी प्रत्यक्ष वापरत असल्यास मॉडेलच्या नावासह अवश्य सांगावे. एचडीआर ४०० च्या शिक्क्याला मी महत्त्व देत नाही, कारण या किमतीत लोकल डिमिंग (पडद्यामागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सोय) मिळत नाही.

कार्डांमध्ये आता दोनच नावे उरली आहेत: एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही १६ जीबीची. ही दोन्ही कार्डे २०२५ मध्ये आली आणि दोन्ही ८ जीबीतही त्याच नावाने विकली जातात, त्यामुळे खोक्यावरील आकडा पाहूनच पैसे द्यावेत, असे मी इतरांनाही सुचवेन. ८ जीबी मी नाकारण्यामागे माझा बोर्ड हे मुख्य कारण आहे. कार्डाची मेमरी भरली की उरलेली माहिती रॅममध्ये जाते आणि पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाने ये-जा करते. आरटीएक्स ५०६० टीआय या मार्गाच्या केवळ ८ लेन (पदर) वापरते आणि बी४५० वर त्याची ३.० हीच पिढी मिळते, म्हणजे तो मार्ग सेकंदाला सुमारे ८ जीबी एवढाच उरतो, तर कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. खेळ मध्येच अडखळतात ते यामुळेच. आरएक्स ९०६० एक्सटी १६ लेनचे असल्याने माझ्या बोर्डवर त्याला दुप्पट रुंद मार्ग मिळतो, आणि येथील दुकानांत ते ८ ते १० हजारांनी स्वस्तही सांगितले जात आहे.

केवळ खेळांचा विचार असता तर मी आरएक्स कार्ड केव्हाच घेतले असते. पण ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये एनव्हिडियाचे ऑप्टिक्स (OptiX) हे तंत्र वापरल्यास रेंडर, म्हणजे नमुन्याचे अंतिम चित्र, लक्षणीय वेगाने होतो, आणि खड्यांतून वाकणाऱ्या प्रकाशाचे गणित हेच बहिणीच्या कामातील सर्वांत वेळखाऊ काम आहे. रेंडर सुरू असताना दृश्य कार्डाच्या मेमरीत मावले की लेनची संख्या फारशी आड येत नाही, असे माझे आकलन आहे. म्हणून १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय बी४५० किंवा तत्सम ३.० पिढीच्या बोर्डवर वापरणाऱ्यांनी १४४०पीवर खेळताना अडखळणे जाणवते का, हे सांगितल्यास माझा निर्णय बराच सोपा होईल.

विजेचा मुद्दाही आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस आला की आमच्या भागात वीज जाते. सध्याचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आरटीएक्स कार्ड १८० वॅटचे आहे आणि आरएक्स १६० वॅटचे. प्रोसेसर, मॉनिटर आणि बाकीचे भाग धरल्यास पहिल्या कार्डाने ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते. रात्रभर रेंडर लावून ठेवायचा असेल तर १ केव्हीएचा यूपीएस घेणे आवश्यक आहे का, की रेंडर ठरावीक टप्प्यांवर जतन करून आहे त्यावरच भागेल? यूपीएस घ्यावा लागल्यास तो खर्च ७० हजारांतूनच करायचा आहे, आणि मग महागडे कार्ड आपोआप बाद होते.

कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजीतील कोणी यांपैकी एखादे कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला दिले असेल, तर ते इथेच स्वीकारले गेले की पुण्याला पाठवावे लागले आणि परत यायला किती काळ लागला, तेही कळवावे. बहिणीचे काम कार्डाविना थांबेल, त्यामुळे दोन्ही कार्डे इतर बाबतींत तुल्यबळ ठरल्यास मी याच उत्तरावर निर्णय घेणार आहे.