मदत हवी आहे : मुलांना विशेषण, क्रियापद ओळखताच येत नाही, सोमवारी चाचणी

साखरपेठ_शिकवणी
नमस्कार मंडळी. शिकवणीतल्या मुलांना शब्दांच्या जाती शिकवायलेय. नाम जमलं, पुढे सगळा गोंधळ. 'प्रवास'ला क्रियापद म्हणतात आणि 'आहे'ला काहीच म्हणत नाहीत. 'हळू' विशेषण. 'तो' दिसला की डोळे झाकून सर्वनाम. व्याख्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत, त्यामुळे व्याख्या पाठ करून घ्या असं कृपया सांगू नका. सोमवारी चाचणी आहे. नेमकं काय करू तेवढं सांगा.

विजापूर_रोड
कितवीची मुलं? माध्यम कोणतं? चाचणीत व्याख्या लिहायच्यात की वाक्यातल्या अधोरेखित शब्दाची जात ओळखायची आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कडक_भाकरी
ताई, राग मानू नका, पण व्याख्या पाठ असून उत्तर येत नाही म्हणजे व्याख्या अर्धीच पाठ आहे. 'नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द' यात 'नामाबद्दल' हा शब्द मुलं गिळतात, म्हणून 'हळू'ही विशेषण होतं. वहीत आठ जातींचा तक्ता काढून घ्या. विकारी, म्हणजे रूप बदलणारे, चार : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. अविकारी, म्हणजे न बदलणारे, चार : क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. प्रत्येकी दहा शब्द. रोज एकदा मोठ्याने वाचायचा. पुढे शिष्यवृत्तीला हाच तक्ता कामी येतो.

साखरपेठ_शिकवणी
तिसरीची मुलं आहेत, मराठी माध्यम. चाचणीत अधोरेखित शब्द. आठ जाती नाहीतच, पाच आहेत : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण. आणि परत पाठांतरच सांगितलंत.

त्रिकोण_वर्तुळ
मॉन्टेसरी पद्धतीत प्रत्येक जातीला चिन्ह असतं. नाम काळा मोठा त्रिकोण, विशेषण निळा त्यापेक्षा लहान त्रिकोण, सर्वनाम जांभळा उभट त्रिकोण, क्रियापद लाल वर्तुळ, क्रियाविशेषण नारिंगी लहान वर्तुळ. घोटीव कागदातून कापायचे आणि मुलाने वाक्यातल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर योग्य तो ठेवायचा. आकारांतही अर्थ आहे : विशेषण नामाच्या घरचं म्हणून त्रिकोण, क्रियाविशेषण क्रियापदाच्या घरचं म्हणून वर्तुळ. तुमचा 'हळू'चा घोळ याने नक्की सुटेल.

विजापूर_रोड
चिन्हं ठेवायला आधी जात कळायला हवी ना? कळली नाही तर मूल निळा त्रिकोण 'हळू'वरच ठेवणार. शिवाय ती चिन्हं युरोपातल्या भाषांसाठी केलेली. नामाआधीच्या उपपदाचा (इंग्रजीतलं a, the) फिकट निळा त्रिकोण मराठीत लागतच नाही. शब्दयोगीची, म्हणजे नामाला जोडून येणाऱ्या 'वर'सारख्या शब्दाची, हिरवी चंद्रकोर ठेवायची कुठे? आपल्याकडे 'टेबलावर' हा एकच शब्द आहे.

त्रिकोण_वर्तुळ
चंद्रकोर शब्दाच्या शेपटावर ठेवतात. तिसरीत शब्दयोगी नसेल तर तो प्रश्नच नाही. आधी बाईंनी एका वाक्यावर ठेवून दाखवायचं, मग मुलांनी तशाच रचनेच्या दुसऱ्या वाक्यावर. मूल आंधळेपणाने ठेवत नाही, नमुन्याशी ताडून ठेवतं.

हुरडा_पार्टी
तिसरीच्या मुलांचं ऱ्हस्व-दीर्घ आधी पक्कं करा. 'आणि'चा णि पहिला, 'पाणी'चा णी दुसरा. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, अपवाद 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' असे थोडेच. हे आलं की निम्मे मार्क वाचतात.

साखरपेठ_शिकवणी
शुद्धलेखन विचारलं नाहीये ओ. जाती.

जुळे_सोलापूरकर
ताई, दोन गोष्टी सांगा. सराव कशावर घेता, वाक्यांवर की सुट्या शब्दांवर? आणि मुलांची घरची भाषा कोणती?

साखरपेठ_शिकवणी
कार्डं केलीत. एका बाजूला शब्द, मागे जात. पत्त्यांसारखी वाटते, मुलं पटापट ओळखतात. घरी बहुतेकांच्या तेलुगू, दोघांच्या कन्नड. त्याचा काय संबंध? मराठी सगळ्यांना चांगली येते.

जुळे_सोलापूरकर
दोन्हींचा संबंध आहे. आधी कार्डांचं बघू, खरं दुखणं तिथे आहे.

सुट्या शब्दाला जात नसते, जात त्याच्या वाक्यातल्या कामावरून ठरते. 'खेळ संपला' यात 'खेळ' नाम, 'तू खेळ' यात क्रियापद. 'गोड आंबा' यात 'गोड' विशेषण, 'मला गोड आवडतं' यात नाम. 'तो पळाला' यात 'तो' सर्वनाम, 'तो मुलगा पळाला' यात विशेषण. कार्डावर 'तो' लिहून मागे 'सर्वनाम' लिहिलं की मूल तेच पाठ करणार आणि चाचणीत 'तो मुलगा' आला की हमखास चुकणार. कार्डं दोन दिवस कपाटात ठेवा.

एक वाक्य घ्या : मोठा पाळणा जोरात फिरतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला पाळणा सगळ्यांनी पाहिलेला असतो. विशेषण, नाम, क्रियाविशेषण, क्रियापद, प्रत्येकी एक आणि याच क्रमाने. कार्डशीटच्या चार पट्ट्या कापा, शब्द मोठ्या अक्षरात लिहा आणि चार मुलांना हातात धरून ओळीत उभं करा.

मग फक्त बदली खेळायची. 'मोठा'च्या जागी काय बसेल? लाल, उंच, जुना. 'पाळणा'च्या जागी? पंखा, भोवरा. 'जोरात'च्या जागी? हळू, गरगर, रोज. 'फिरतो'च्या जागी? थांबतो, हलतो. ज्या जागी जे बसतं ते त्या जातीचं. 'मोठा'च्या जागी 'हळू' ठेवून मोठ्याने वाचायला लावा : हळू पाळणा जोरात फिरतो. कानालाच खटकतं. व्याख्या सांगावी लागत नाही.

'तो'लाही हीच चाचणी. 'तो पळाला' इथे 'तो'च्या जागी मुलाचं नाव घाला, वाक्य चालतं, म्हणजे सर्वनाम. 'तो मुलगा पळाला' इथे नाव घाला, 'रमेश मुलगा पळाला' होतं. चालत नाही, म्हणजे तिथे ते विशेषण.

सुरुवातीला नामं सगळी पुल्लिंगी ठेवा. कारण पुढच्या प्रतिसादात लिहितो.

कडक_भाकरी
सर, 'रोज' आणि 'हळू' एकाच जागी बसवलंत. रोज कालवाचक, हळू रीतिवाचक. मुलं गोंधळतील.

जुळे_सोलापूरकर
तिसरीला उपप्रकार नाहीत. दोन्ही क्रियाविशेषणं आहेत, तेवढं पुरे.

आता घरच्या भाषेचं. क्रियापदाकडे बोट दाखवणारा शब्द तेलुगूत बऱ्याचदा 'गा'वर संपतो : मेल्लगा, तोंदरगा. हळू, लवकर. नामाआधी येणाऱ्या विशेषणाला तो 'गा' नसतो. म्हणजे जो फरक तुम्ही सांगायची धडपड करताय तो ही मुलं घरी रोज बोलतात. 'हळू' घरी कसं म्हणता, 'मोठा' कसं म्हणता, एवढं विचारा. 'गा' कुठे ऐकू येतो ते मुलंच सांगतील.

उलट एक अडचणही आहे. मराठीत आकारान्त विशेषण नामाप्रमाणे बदलतं : चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोर. हीच विशेषणाची खूण म्हणून आपण सर्रास शिकवतो. तेलुगूत मंचि अब्बाई आणि मंचि अम्माई, विशेषण हलतच नाही. त्या मुलांना 'चांगला मुलगी' खटकत नाही, मग बदलाची खूण त्यांना काय कामाची? आणि लाल, गोड, सुंदर तर मराठीतही बदलत नाहीत. म्हणून पुल्लिंगी नामं घ्या आणि जागेवरून ओळखू द्या. लिंग नंतर, सवडीने.

अक्कलकोट_वेस
कन्नडमध्येही तसंच, 'आगि' लागतं. चेन्नागि म्हणजे छान, पण 'छान गातो' मधलं छान. त्या दोघांना ते विचारा.

कडक_भाकरी
मराठीच्या तासाला तेलुगू-कन्नड बोलायचं? मग मराठी सुधारणार कधी?

अक्कलकोट_वेस
एक शब्द विचारायचाय, तास तेलुगूत घ्यायचा नाहीये. सोलापूरच्या पूर्व भागात मुलाची घरची भाषा दाराबाहेर ठेवून व्याकरण शिकवता येत नाही. मुलाला आधीच जे येतं त्यावरच पुढचं उभं करावं लागतं.

व्याकरण_वाचक
मुळात आठ जाती हीच इंग्रजी व्याकरणाची वाटणी. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं, तेव्हापासून मराठीत हा साचा रुळला. आपल्याकडे प्राचीन निरुक्तकार यास्काने पदांचे चारच प्रकार मानलेत : नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). लहान मुलांना बदलणारे शब्द आणि न बदलणारे शब्द असे दोनच गट सांगावेत.

विजापूर_रोड
यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे सोमवारी चाचणी आहे.

ताई, क्रियापदाचं राहिलंय. 'क्रिया दाखवणारा शब्द' या अर्धवट वाक्यानेच 'प्रवास' क्रियापद होतो आणि 'आहे' निसटतं. फळ्यावर तीन रकाने करा : काल, आत्ता, उद्या. वाक्य तिन्हींत म्हणायला लावा आणि कोणता शब्द बदलला ते विचारा. काल प्रवास केला, आत्ता प्रवास करतो, उद्या प्रवास करेन. 'प्रवास' जागचा हलला नाही, बदललं ते क्रियापद. 'चादर जाड आहे' घ्या : होती, आहे, असेल. 'आहे' आपोआप सापडतं. याच वाक्यात 'जाड' नामाच्या मागून आलंय, तेही दाखवून ठेवा. 'मोठा पाळणा' एवढ्यावरच सराव झाला की मुलांना वाटतं विशेषण नेहमी नामाच्या आधी असतं.

त्रिकोण_वर्तुळ
'हळू' आणि 'मोठा' यांच्यासाठी आणखी एक. पट्ट्या धरून मुलं उभी असतील तेव्हा 'मोठा'वाल्याच्या हातात लोकरीचं एक टोक द्या. दुसरं टोक तू कुणाबद्दल सांगतोस त्याला दे म्हणायचं. ते पाळण्याकडे जातं. 'जोरात'वाल्याचं 'फिरतो'कडे जातं. मुलं चुकतात कारण आपण दोन्हीकडे 'कसा' विचारतो : पाळणा कसा? मोठा. कसा फिरतो? जोरात. प्रश्न सारखा, म्हणून उत्तरही सारखं वाटतं. लोकर ताणली की कोण कुणाला धरून आहे ते दिसतं. चिन्हं त्यानंतर ठेवा.

विजापूर_रोड
हे पटलं. चिन्हं शेवटी, शोधायला नाही, तपासायला.

साखरपेठ_शिकवणी
पट्ट्या करून घेतल्या आज. बदली लगेच जमली, 'गा' तर मुलांनीच सांगितला. एका वाक्यावर अडलं : 'राजू चांगला खेळतो'. लोकर कुठे न्यायची यावर वर्गात दोन तट पडले. एकाने राजूला दिली, एकाने 'खेळतो'ला.

जुळे_सोलापूरकर
ते वाक्य काढून टाका. मुलांचं चुकलं नाही, मराठीच तिथे अवघड आहे. 'चांगला' सांगतो खेळण्याबद्दल पण बदलतो राजूप्रमाणे : 'सीता चांगली खेळते'. काम क्रियाविशेषणाचं, रूप विशेषणाचं. तिसरीच्या सरावात अशी वाक्यं घेऊ नयेत. 'खूप मोठा पाळणा'ही नको, 'खूप'ची लोकर विशेषणाकडे जाते. 'आईचा फोन', 'शेंगांची चटणी' नको, मुलं विशेषण म्हणतील आणि तपासणारे षष्ठीचं नाम म्हणतील. 'वर बघ' सुद्धा टाळा, 'वर' लगेच शब्दयोगीत शिरतो.

सोमवारपर्यंत रोज वीस मिनिटं, पाच वाक्यं, प्रत्येकात तीन ते चार शब्द. पहिल्या दिवशी बदली आणि काल-आत्ता-उद्या. दुसऱ्या दिवशी लोकर. मग चाचणीसारखे अधोरेखित शब्द वहीत, पण उत्तरासोबत 'कशावरून' हेही लिहून घ्या : 'मोठा, विशेषण, पाळण्याबद्दल सांगतो'. दुसरा भाग लिहिता आला की अंदाजाने ठोकलेलं उत्तर लगेच कळतं.

साखरपेठ_शिकवणी
बरं सर. कार्डांचं मग काय करू? भरपूर केलीत.

विजापूर_रोड
मागची जात खोडा आणि त्याच शब्दांची वाक्यं करायला लावा. 'खेळ', 'गोड', 'तो' या कार्डांवर दोन-दोन वाक्यं.