ही समजूत घालणं नव्हे

‘मनाचं सौंदर्य म्हणजे रूप नसलेल्यांची घातलेली समजूत’, असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. आम्हा नागपूरकरांना वरोऱ्याचं आनंदवन जवळच. बाबा आणि साधनाताई आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, चटका बसला तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं झिजत जातात. तशाच हातांनी तिथल्या माणसांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली, हातमागावर कापड विणलं. ज्यांच्याकडे सख्खे नातेवाईकही बघेनात, त्या माणसांनी! ते कापड हातात घेतल्यावर विणणाऱ्याचा चेहरा कसा असेल, असं कुणी विचारतं का? आणि इकडे लग्नाच्या जाहिरातींत अजून ‘गोरी, सडपातळ’ छापून येतं. मला त्याचा फार राग येतो.