बंडखोर बसून राहतात ते मुद्दामच

'मेडिव्हल २: टोटल वॉर' (२००६) या संगणकावरच्या युद्धखेळात बंडखोर जागचे हलत नाहीत, म्हणजे त्यांचा एआय (त्यांना चालवणारी संगणकाची बुद्धी) बिघडलाय, हे मला पटत नाही. या खेळात बंडखोर हा इतरांसारखा राज्य वाढवणारा पक्षच नाही. त्यांच्याशी तह होत नाही, आणि स्वतःचं शहर सोडून ते सहसा शेजाऱ्यावर चालून जात नाहीत. म्हणून सुरुवातीला ती शहरं आयती मिळतात. खरा त्रास रस्त्यात तळ ठोकणाऱ्या टोळ्यांचा. त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी त्या प्रांताचं उत्पन्न घटतं. मी एकदा दुर्लक्ष केलं, तिकडे नव्या जिंकलेल्या शहरातला असंतोष वाढत गेला आणि शहरच उलटलं. माझी शिबंदी वेशीबाहेर, आत त्यांची ताजी फौज! तेव्हापासून जिंकलेल्या शहरात आधी भरपूर पायदळ ठेवतो, कर उतरवतो, मगच सेनापती पुढे नेतो.