सायकियाट्रिक नर्सिंग जर्नल: असोसिएट एडिटरसाठी अर्ज करू की मुख्य संपादकासाठी? काम नक्की काय असतं?

नेरुळ_एमएचएन

नमस्कार. एका सायकियाट्रिक नर्सिंग जर्नलने संपादक मंडळासाठी अर्ज मागवले आहेत. मुख्य संपादकाची एक जागा, असोसिएट एडिटरच्या दोन, मुदत तीन वर्षं. सोबत सीव्ही, ५०० शब्दांचं व्हिजन स्टेटमेंट आणि हितसंबंध जाहीर करणारा फॉर्म द्यायचाय. मी नेरुळला एम.एस्सी. नर्सिंगला मेंटल हेल्थ शिकवते, थिसिस गाइड करते, जर्नलांकडे आलेले पेपर तपासून मत द्यायचं काम, म्हणजे रिव्ह्यूही करते. पण रिव्ह्यू पाठवल्यानंतर पलीकडे काय चालतं ते ठाऊक नाही.

दोन्ही पदांच्या कामात फरक कुठे पडतो? आठवड्याचे किती तास धरायचे? व्हिजन स्टेटमेंटमध्ये काय लिहितात? शिवाय मेलवर अधूनमधून 'आमच्या जर्नलचे एडिटर-इन-चीफ व्हा' असं आमंत्रण येतं, वर्षाला तीन पेपर आणून द्यायच्या अटीवर. खरं कुठलं नि खोटं कुठलं, ओळखायचं कसं?

कोपरी_पूर्व

मॅडम, असोसिएटसाठी भरा. पेपर हाताळायची सवय तिथेच लागते.

पेपर आला की आधी ऑफिसात, म्हणजे मॅनेजिंग एडिटरकडे जातो. शीर्षकपान वेगळं आहे का, एथिक्स कमिटीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख आहे का, साम्य तपासणीचा (मजकूर कुठून उचललाय का, त्याचा) रिपोर्ट काय म्हणतो, हे तिथे बघतात. बरेच पेपर इथूनच दुरुस्तीला परत जातात. रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळू नये म्हणून नाव पहिल्या पानावरून काढलेलं असतं, पण पद्धतीच्या भागात रुग्णालयाचं नाव असतं आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये गाइडचं नाव तसंच राहिलेलं असतं. साम्याच्या टक्क्यावर एकट्यावर जाऊ नका. पन्नास ठिकाणांहून थोडं थोडं जुळून २२ टक्के झाले तर ते बहुधा पद्धतीचे ठरलेले शब्द आणि संदर्भयादी असते. एकाच पेपरशी १२ टक्के जुळले तर तो उतारा उघडून वाचायचा. ट्रायल असेल तर सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलांची नोंदवही) नोंद स्वतः उघडून बघा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते. नोंदीत सुरुवात जूनची आणि पेपरात 'माहिती मार्च ते मे दरम्यान गोळा केली' असं असेल, तर पेपर तिथेच थांबवून लेखकाला विचारायचं.

त्यानंतर मुख्य संपादक ठरवतो की पेपर डेस्कवरूनच, म्हणजे रिव्ह्यूला न पाठवता, परत करायचा की असोसिएटकडे द्यायचा. असोसिएटचा बहुतेक वेळ रिव्ह्यूअर शोधण्यात जातो. हिशेबापुरतं धरा, वर्षाला १२० पेपर आले, निम्मे डेस्कवरून परत गेले, उरलेले ६० तीन असोसिएटांत वाटले. तुमच्या वाट्याला २०. प्रत्येकी दोन रिव्ह्यू हवेत आणि तिघांतला एकच हो म्हणतो असं धरलं, तर वर्षाला १२० आमंत्रणं तुम्ही एकट्या पाठवणार. आठवड्याला चार-पाच तास मोकळे असतील तर जमतं, पण तेही सलग हवेत. निर्णयाची पत्रं ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत फोनवर लिहायची नसतात.

आमंत्रणाला तीन दिवसांत उत्तर द्या, नाहीतर आपोआप रद्द, असं सेटिंग काही ठिकाणी असतं. वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर रिव्ह्यूअर असतील तर ते सात दिवसांवर न्या. नाइटचा आठवडा लागला की मेल उघडलाच जात नाही, मग सगळे रिव्ह्यूअर कॉलेजातलेच उरतात आणि वॉर्डाची नजर निघून जाते.

लेखकाने सुचवलेला रिव्ह्यूअर दिसला आणि पत्ता जीमेलचा असेल तर संस्थेच्या पानावरून खरा पत्ता काढा. लेखकानेच खोटा पत्ता उघडून स्वतःच्या पेपरावर कौतुकाचा रिव्ह्यू लिहायचा, हा प्रकार जगभर सापडलेला आहे. दोन दिवसांत आलेला, चार ओळींचा, 'स्वीकारावा' म्हणणारा रिव्ह्यू असेल तर तिसरा मागवा.

सगळ्यात जास्त पेपर कुठे बिघडतो सांगू? एक रिव्ह्यूअर 'स्वीकारा' म्हणतो, दुसरा 'नाकारा', आणि असोसिएट दोन्ही रिपोर्ट तसेच लेखकाकडे ढकलून 'मेजर रिव्हिजन' (मोठी दुरुस्ती) टाकतो. लेखक बिचारा परस्परविरोधी सूचना पाळत बसतो. निर्णय मतमोजणीने होत नाही, मुद्दे वाचून होतो. पत्र असं हवं: 'रिव्ह्यूअर २ चे मुद्दे ३ आणि ५ अनिवार्य. मुद्दा ४ तुमच्या मर्जीवर. रिव्ह्यूअर १ यांनी मागितलेला कंट्रोल ग्रुप आता घेता येणार नाही, त्यामुळे निष्कर्षातलं "परिणामकारक" हे विधान सौम्य करा आणि कारण मर्यादांमध्ये लिहा.' असं पत्र लिहायला तास-दीड तास जातो, पण दुसऱ्या फेरीत तेवढेच महिने वाचतात.

मुख्य संपादकाकडे तक्रारी, दुरुस्त्या, मागे घेतलेले पेपर, मंडळातल्या नेमणुका आणि प्रकाशकाशी घासाघीस हे सगळं येतं. कोपचे (प्रकाशनातल्या नीतिमत्तेवरची आंतरराष्ट्रीय समिती) फ्लोचार्ट त्यासाठी हाताशी ठेवतात. उदाहरणार्थ, सुधारित पेपर परत येतो तेव्हा लेखकांच्या यादीत अचानक प्राचार्यांचं नाव वाढलेलं असतं. तिथे कारण आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मिळेपर्यंत पेपर पुढे सरकवायचा नाही. लेखक कोणाला म्हणायचं याच्या आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात. विभागप्रमुख असणं ही पाचवी अट नाही.

वागळे_स्टॅट

वर पेपराचा प्रवास आलाय. या विषयात पेपर आतून कुठे फसतात ते मी लिहितो, कारण व्हिजन स्टेटमेंटचा माल तिथेच आहे.

आपल्याकडच्या थिसिसमधून येणारा नेहमीचा पेपर डोळे मिटून सांगता येतो: अमुक विषयावरील 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम'ची परिणामकारकता, ६० नमुना, एकच गट, आधी चाचणी, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा, पेअर्ड टी-टेस्ट, पी ०.००१ पेक्षा कमी. आठवड्यापूर्वी सोडवलेली प्रश्नावली उत्तरं शिकवून परत दिली तर गुण वाढणारच. त्यातून रुग्णाचं काय भलं झालं हे कळत नाही. असे पेपर सरसकट डेस्कवरून परत करायचे की तुलनागट आणि वॉर्डातली एखादी मोजता येणारी गोष्ट असलेले तेवढे घ्यायचे, हे धोरण मुख्य संपादकाने छापून ठेवावं. नाहीतर गाइड मंडळींचे फोन येत राहतात.

प्रमाणित स्केलांचं बघा. पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) परवानगीशिवाय मोफत वापरता येतं. बेक डिप्रेशन इन्व्हेंटरीची दुसरी आवृत्ती पियर्सनकडे आहे, एमएमएसईचे (स्मरणशक्ती-आकलनाची छोटी चाचणी) हक्कही प्रकाशकाकडे आहेत. 'मराठीत भाषांतर करून वापरलं' एवढंच वाक्य असेल तर परवानगीचं पत्र, उलट भाषांतर (मराठीतून परत मूळ भाषेत) कोणी केलं आणि मराठी आवृत्तीची विश्वासार्हता, हे तिन्ही मागा.

पीएचक्यू-९ वापरलेला पेपर आला की मी आधी नववा प्रश्न शोधतो. मरण आलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असं तो विचारतो. पेपरात लिहिलेलं असतं की विद्यार्थ्यांपैकी इतक्यांचा गुणांक १० च्या वर आहे. मग नवव्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांचं काय केलं? त्याच दिवशी कोणाकडे पाठवलं? प्रश्नावली निनावी असेल तर मदतीचा पत्ता तरी हातात दिला का? उत्तर नसेल तर ही आकडेवारीची चूक नाही, सुरक्षिततेची आहे. आणि बऱ्याच रिव्ह्यूअरांच्या नजरेतून ती सुटते.

संमती. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९९ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची मुलाखत घ्यायची तरी स्वेच्छेची, समजून दिलेली संमती लागते. जी व्यक्ती अशी संमती देऊ शकत नाही पण विरोधही करत नाही, तिच्यावर कुठलाही उपचारात्मक प्रयोग करायचा तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे 'नातेवाइकांची संमती घेतली' एवढ्यावर पेपर पुढे नेऊ नका. रुग्ण कलम ८९ खाली (नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून) दाखल होते की स्वतःहून, हे पद्धतीच्या भागात असायला हवं. रिस्ट्रेंटवरचा (रुग्णाला बांधून किंवा धरून ठेवण्यावरचा) पेपर असेल तर कलम ९७: मनोविकारतज्ज्ञांची मंजुरी, नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवणं, प्रसंगाची नोंद. लेखकाने माहिती त्या नोंदींतून घेतली की सिस्टरना आठवेल तशी विचारली, यावर निष्कर्षाचं वजन ठरतं.

केस रिपोर्टमध्ये ओळख उघडी पडणं हा आपल्या विषयातला खास धोका. '६२ वर्षांची विधवा, निवृत्त शासकीय कर्मचारी, ठाणे पूर्व, फेब्रुवारीत दाखल' एवढं वाचलं की गल्लीतला माणूस नाव सांगतो. वय दशकात द्या, गाव आणि महिना काढा, व्यवसाय निदानाशी संबंधित नसेल तर तोही काढा. मात्र ओळख लपवायची म्हणून स्त्रीचा पुरुष करायचा नाही, त्याने माहितीच खोटी होते. आणि छापण्याची संमती वेगळी असते, उपचारांच्या किंवा संशोधनाच्या फॉर्मवर ती भागत नाही.

गुणात्मक (मुलाखती-गटचर्चांवर आधारलेल्या) अभ्यासांना कोरेक या तपासणी-यादीच्या ३२ बाबी लावा आणि त्यातला मुलाखतकार-सहभागी नात्याचा मुद्दा खरोखर वाचा. वॉर्ड इनचार्जने स्वतःच्याच स्टाफ नर्सना 'वॉर्डातल्या हिंसेबद्दल प्रशासनाचा पाठिंबा कसा वाटतो' असं विचारलं, तर उत्तरं काय येणार ते सांगायला नको.

ऐरोली_नाका

'आधी असोसिएटच' हे मला सरसकट पटत नाही. मंडळ लहान असेल आणि मावळते संपादक सहा महिने सोबत राहणार असतील, तर थेट मुख्य पदालाही हरकत नाही. फक्त ताबा घेताना चालू पेपरांची यादी वयासकट मागा: किती दिवस कुठे अडकलाय, कोणाकडे. स्वीकारलेले पण न छापलेले किती, तेही. वर्षाचे चार अंक, अंकाला आठ लेख, आणि स्वीकारलेले ४० पडून असतील, तर पहिलं सव्वा वर्ष तुमच्या हातात काहीच नाही.

खारघर_वाचनालय

अर्ज आणि खोटी आमंत्रणं या दोन्हीबद्दल.

'पेपर आणून द्या, पद घ्या' हीच ओळख पुरेशी आहे, पुढचं तपासायची गरजसुद्धा नाही. बाकीच्यांसाठी: आयएसएसएन म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे, तो नुसता आठ अंकी ओळख क्रमांक आहे. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलातल्या लेखांचा सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीतला असेल तरच खरा. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणं लावलेले आकडे सोडून द्या. यूजीसी-केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, तरी काही जर्नलं अजून तोच शिक्का मिरवतात. डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांची सूची) आणि स्कोपस (संशोधन-लेखांचा डेटाबेस) यांच्या यादीत स्वतः नाव शोधा, आणि मंडळावरच्या दोन जणांना मेल करून विचारा की आपण मंडळावर आहात हे तुम्हाला माहीत आहे ना.

व्हिजन स्टेटमेंटमध्ये 'जागतिक दर्जा' वगैरे लिहू नका, निवड समिती ते वाक्य रोज वाचते. मागच्या दोन वर्षांचे अंक घेऊन बसा. लेखांचे प्रकार मोजा, पेपर आल्यापासून स्वीकारेपर्यंतचे दिवस पहिल्या पानावरच्या तारखांवरून काढा, कुठल्या राज्यांतून लेख येतात ते बघा. मग तीनच गोष्टी लिहा, ज्या तुम्ही तीन वर्षांत करू शकता. उदाहरणार्थ, सांख्यिकीसाठी वेगळा संपादक नेमणं, वॉर्डातल्या २० परिचारिकांना रिव्ह्यूचं प्रशिक्षण देणं, दर पेपरासोबत सामान्य माणसाला कळेल असा मराठी-हिंदी सारांश.

निवड झाली तर पत्रात या गोष्टी लेखी असल्याशिवाय सही करू नका: संपादकीय निर्णयात मालक संघटना किंवा प्रकाशक हात घालणार नाही, मानधन असेल तर किती, नसेल तर तसं, मॅनेजिंग एडिटरचा पगार कोण देणार, मुदतीआधी काढायचं तर कुठल्या कारणासाठी. मॅनेजिंग एडिटर नसलेल्या जर्नलचं संपादकपद घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचे सगळे तास फाइली तपासण्यात जातील.

नेरुळ_एमएचएन

सगळ्यांचे आभार, असोसिएटसाठीच भरते. एक शंका राहिली. आमच्या प्राचार्या आत्ताच म्हणतायत की मग आपल्या मुलींचे थिसिस तिथेच पाठवू. त्याचं काय करायचं?

कोपरी_पूर्व

पाठवायला बंदी नाही, तुम्ही हात लावायला आहे. हितसंबंधांच्या फॉर्मवर कॉलेज, तुम्ही गाइड केलेले विद्यार्थी आणि गेल्या तीन वर्षांतले सहलेखक लिहून द्या. सिस्टीममध्ये तुमच्या नावावर हा हितसंबंध नोंदवायला मॅनेजिंग एडिटरला सांगा. सोय असेल तर त्या पेपरची फाइल आणि रिव्ह्यूअरांची नावं तुम्हाला दिसतच नाहीत. नुसतं 'मी बघणार नाही' म्हणणं पुरत नाही, लॉगिन केलं की सगळं समोर असतं. तो पेपर दुसरा असोसिएट हाताळतो. तुमचं नाव लेखकांत असेल तर छापताना खाली ओळ जाते की या लेखकाचा निर्णयप्रक्रियेत सहभाग नव्हता. प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा की पेपर कुठे पोचला हे तुम्हाला विचारू नये, लेखकाच्या लॉगिनवर स्थिती दिसते. आणि एकाच अंकात एकाच कॉलेजचे तीन लेख आले तर अंक ठरवताना मुख्य संपादकाला पुढच्या अंकात सरकवायला सांगा, सगळे नियमाने स्वीकारलेले असले तरी.