सॉसेज-टोमॅटोचा क्रीमी पास्ता: क्रीम फाटू नये म्हणून काय करता?

मनवा_कोथरूड
आठवड्यातले काही दिवस घरी पोचायला साडेसात होतात आणि मुलं नऊला झोपतात. सॉसेज, टोमॅटो आणि क्रीमचा पास्ता दोघंही पोटभर खातात, म्हणून तो पाऊण तासात नीट जमायला हवा आहे. अडचणी दोन. अमूल फ्रेश क्रीम घातलं की सॉसमध्ये बारीक कण दिसतात, जिभेला रवाळ लागतं. आणि पाकिटातली चिकन सॉसेज चकत्या करून परतली की रबरासारखी होतात, सॉसला त्यांची चवच उतरत नाही. पोर्क आम्ही खातो.

पेरुजियाकर
मनवाताई, मी इटलीत पेरुजियाला राहते. इथल्या डोंगराळ भागातलं नॉर्चा हे गाव डुकराच्या मांसाच्या पदार्थांसाठी देशभर नावाजलेलं. त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पास्त्यात सॉसेज आणि क्रीम असतं, टोमॅटो नसतो. तुमच्यात टोमॅटो आहे, म्हणजे आंबट आहे, आणि क्रीम तिथेच फाटतं. फाटतात ती दुधातली प्रथिनं. क्रीममध्ये फॅट जितकी जास्त तितकी प्रथिनं कमी, म्हणून ब्रिटनमधलं ४८ टक्क्यांचं डबल क्रीम उकळलं तरी टिकतं. अमूल फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं, त्याला जपावं लागतं.

तेव्हा टोमॅटो आधी पूर्ण शिजवा. रश्शाला करतो तसं, कडेने तेल सुटेपर्यंत, पाणी राहता कामा नये. गॅस बंद करा. वाटीत क्रीम घेऊन त्यात दोन चमचे गरम सॉस कालवा आणि मग ते कढईत ओता. पुन्हा उकळू नका.

सॉसेजचं म्हणाल तर इथे ते कच्चं मिळतं. वरचं आवरण काढून आतलं मांस कढईत मोकळं करतात, त्याची चरबी सुटते आणि सॉसची निम्मी चव तीच असते. पाकिटातलं आधीच शिजवलेलं, ते काय देणार? त्यापेक्षा पोर्कचा चरबीसकट खिमा आणा. २५० ग्रॅमला ४ ग्रॅम मीठ, ठेचलेला लसूण, जाडसर मिरी, अर्धा चमचा भरडलेली बडीशेप. आदल्या रात्री कालवून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तापलेल्या कढईत पसरा आणि खालून तांबूस होईपर्यंत हलवूच नका. घाईने ढवळलं की पाणी सुटतं आणि खिमा उकडतो. मला विचाराल तर या पदार्थात खरी मेहनत एवढीच.

पास्ता १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढून सॉसमध्ये टाका, त्याचंच वाटीभर पाणी घालत तिथे शिजू द्या. त्या पाण्यातल्या पिठाने सॉस धरून राहतो. क्रीम त्यानंतर.

खवय्या_नाशिक
टोमॅटोत चिमूटभर खायचा सोडा घाला, आंबटपणा मरतो, क्रीम फाटत नाही.

पेरुजियाकर
फाटत नाही हे खरं. पण टोमॅटोची चवही मरते, आणि हात जरा सैल पडला तर साबणासारखं लागतं. गावठी टोमॅटो फारच आंबट असतील तर एक किसलेलं गाजर कांद्याबरोबर परता.

म्हापशाची_सून
आमच्याकडे हा पास्ता गोव्याच्या चोरीसाचा, म्हणजे तिथल्या पोर्क सॉसेजचा होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा टांगलेल्या असतात. पण वरची कृती जशीच्या तशी वापरू नका. चोरीसात व्हिनेगर, मीठ, मिरची भरपूर. आवरण काढून अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर शिजवा, पाणी आटून लाल तेल वर यायला हवं. चार जणांना १५० ग्रॅम पुरे. वरून मीठ अजिबात नको, टोमॅटो निम्मे करा, त्याऐवजी कांदा वाढवा. मुलं लहान असतील तर त्यांना तिखट लागेल, त्यांच्यासाठी खिमाच बरा.

मनवा_कोथरूड
खिमा आज रात्रीच कालवून ठेवते. उरलेला पास्ता सकाळी डब्यात देता येईल का? मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर पुन्हा फाटेल ना?

पेरुजियाकर
फाटेल. उद्याच्या डब्याचा सॉस क्रीम घालण्याआधीच बाजूला काढा. सकाळी दोन चमचे पाणी घालून पास्त्यासकट नीट वाफ येईपर्यंत गरम करा, गॅस बंद करून क्रीम कालवा आणि लगेच डबा भरा.